पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल

गंगाखेडहून लोह्याकडे जाणारा रस्ता पालममधून जातो. रस्त्याला पेट्रोल पंप आहेत. पण आतल्या एखाद्या गावाकडे वळलं की पेट्रोल दिसतं ते किराणा दुकानाच्या दारात, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं. कायद्यात बसत नाही, पण गाडी अडलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. बाटली टाकीत उपडी होते, तळाशी उरलेलं चमचाभर मातीवर झटकलं जातं. डाग बघता बघता वाळतो. पेट्रोल उडालं, असं आपण म्हणतो, आणि बरंचसं खरोखरच उडतं. जे उडत नाही ते खाली जातं. त्याचा माग कसा काढायचा, हा या लेखाचा विषय आहे.

आधीच सांगतो, पालमच्या विहिरी पेट्रोलनं नासल्या आहेत असा माझा दावा नाही. तसं म्हणायला आधी पाणी तपासावं लागतं, आणि नेमकी हीच तपासणी आपल्याकडे नेहमीच्या यादीत नसते.

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे. शेकडो रसायनांचा तो काला आहे. त्यातली बहुतेक पाण्याशी फटकून राहतात, पाण्यापेक्षा हलकी असल्यानं वर तरंगतात. पण इंजिन नीट चालावं म्हणून पेट्रोलमध्ये वरून काही द्रव्यं घालतात. पाण्याच्या दृष्टीनं मुख्य मालापेक्षा या वरकडीचीच भीती जास्त, कारण तिच्यातली काही द्रव्यं पाण्यात सहज विरघळतात.

या वरकडीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. इंजिन ‘नॉक’ करतं, म्हणजे आत इंधन वेळेआधी पेटून खडखडाट होतो, हे गॅरेजवाल्याला सांगावं लागत नाही. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या अभियंत्यानं त्यावर उपाय काढला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायचं. खडखडाट थांबला आणि शिसं जगभरच्या हवेत, मातीत, मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिसंविरहित पेट्रोल देशभर लागू झालं १ फेब्रुवारी २००० पासून. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

शिसं काढलं, मग त्याच्या जागी काय घालायचं? अमेरिकेनं १९७९ पासून मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजे एमटीबीई, वापरायला सुरुवात केली. स्वस्त, रिफायनरीतल्याच मालातून बनणारं, आणि रेणूत ऑक्सिजन असल्यानं धूर स्वच्छ करणारं. हवा शुद्धीकरणाच्या १९९० च्या कायद्यातल्या सुधारणांनंतर तर दूषित हवेच्या शहरांत पेट्रोलमध्ये ते ११ ते १५ टक्के पडू लागलं. हवेचा प्रश्न हलका झाला आणि पाण्याचा उभा राहिला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या चार्नॉक आणि आर्केडिया या दोन विहीर-क्षेत्रांतला उपसा बंद करावा लागला. शहराचं निम्मं पाणी तिथून येत होतं. चार्नॉकच्या पाण्यात लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत एमटीबीई सापडलं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानं १९९३-९४ मध्ये शहरी भागांतल्या उथळ विहिरी तपासल्या, तर त्यांतल्या २७ टक्के विहिरींत ते होतं. अखेर कॅलिफोर्नियानं २००४ पासून त्यावर बंदी घातली, आणि न्यूयॉर्क शहराच्या दाव्यात २००९ मध्ये एक्सॉनमोबिल कंपनीवर सुमारे साडेदहा कोटी डॉलरची भरपाई बसली.

थेंबभर द्रव्यानं एवढा गोंधळ कसा होतो, हे पालमच्या मापानं मोजून बघू. वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तिच्यात दहा फूट पाणी धरा. हे झालं साधारण ८९ हजार लिटर. आता ११ टक्के एमटीबीई असलेलं एक लिटर पेट्रोल घ्या. त्यात एमटीबीई भरेल सुमारे ८१ ग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९७ मध्ये पाण्याच्या चवी-वासासाठी सुचवलेली सल्लामर्यादा लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम. खालचा आकडा धरला, तर ८१ ग्रॅम पुरतात ४० लाख लिटर पाण्याला, म्हणजे अशा पंचेचाळीस विहिरींना. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात सगळं उडतं-जिरतं, सगळंच पाण्यापर्यंत पोचत नाही. पण किराणा दुकानातल्या त्या बाटलीकडे एकदा या नजरेनं बघावं.

एमटीबीईचा एक गुण मात्र कबूल करायला हवा. ते चुगलखोर होतं. टर्पेंटाइनसारखा त्याचा वास आणि कडवट चव इतक्या कमी प्रमाणात कळते, की आरोग्याचं नुकसान सिद्ध होण्याच्या आधीच लोक पाणी थुंकून टाकत. कर्करोगाबाबत तर आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९९९ मध्ये त्याचं वर्गीकरणच करता येत नाही असं म्हटलं. बेंझिनचं उलट आहे. ते पेट्रोलचाच घटक, माणसात कर्करोग करतं हे पक्कं ठरलेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. पण पाण्यात एकटं बेंझिन असेल, तर ते नाकाला कळायला या मर्यादेच्या शेकडो पट लागतं. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. तेवढंही एका लिटरमधून वरच्या मापाच्या दहा विहिरींना मर्यादेवर नेऊ शकतं. वास घेऊन पाणी पारखायची आपली जुनी रीत इथे अपुरी पडते.

आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये काय असतं ते पाहू. भारतीय मानकात, आयएस २७९६ मध्ये, एमटीबीईच्या जातीच्या ईथरांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे जुन्या गळतीच्या जागी तपासणी करताना ते यादीतून गाळून चालत नाही. पण आजचं आपलं खरं पूरक आहे इथेनॉल. त्याची पहिली चाचणी २००१ मध्ये तीन ठिकाणी झाली, त्यांतली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. २०१३-१४ मध्ये देशभरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते दहावर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. आज पंपावर तुम्ही पाच लिटर भरता, त्यातलं एक लिटर अल्कोहोल असतं.

ते येतं उसातून, मक्यातून, तांदळातून. ऊस तर गोदाकाठाला नवा नाही. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडतं. म्हणजे इथेनॉल उसाचं असेल, तर वीस टक्क्यांच्या एका लिटर पेट्रोलमागे पावणेसहाशे लिटर पाणी आधीच गेलेलं असतं. पाण्याची गोष्ट इथून सुरू होते, गळतीपासून नव्हे. पण तो वेगळा वाद आहे, त्यात शिरलो तर हा लेख संपणार नाही.

इथेनॉल जमिनीत गेलं तर? पहिली बातमी चांगली आहे. जिवाणूंना ते गुळासारखं. एमटीबीई जिथे वर्षानुवर्षं टिकतं, तिथे इथेनॉल काही दिवसांत, काही आठवड्यांत फस्त होतं. दुसरी बातमी तितकी चांगली नाही. पंगतीत गोड आधी वाढलं तर भाकरीला कोण हात लावणार? जिवाणू इथेनॉलवर तुटून पडतात आणि त्या भरात पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात. मागे राहतं बेंझिन. ते खायला भूक नाही आणि श्वासही नाही. मग ते जास्त काळ टिकतं आणि जास्त लांब वाहत जातं. ब्राझीलमध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल आपल्या कितीतरी आधीपासूनचं. तिथल्या फ्लोरिआनोपोलिसच्या संशोधकांनी १९९८ मध्ये इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मोजून जमिनीत सोडलं आणि पुढे कित्येक वर्षं भोवतालच्या पाण्यावर नजर ठेवली. बेंझिनचा हा उशीर त्यांना प्रत्यक्ष दिसला. थोडक्यात, एमटीबीई स्वतः गुन्हा करून वास मागे सोडायचं. इथेनॉल दुसऱ्याला पळायला मदत करतं आणि स्वतः नाहीसं होतं.

पालमच्या जमिनीत हे कसं घडेल? विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो थर मोजून दाखवेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, मध्येच कुठे गेरूचा तांबडा पट्टा. सगळा दख्खनचा बेसॉल्ट. काळी माती ओली असताना चिकट आणि बंद. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा. मे महिन्यात सांडलेलं पेट्रोल या भेगांतून सरळ मुरमात उतरू शकतं. त्याच्याखाली पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून सारखं पाझरत नाही. फटींतून, सांध्यांतून, झऱ्यांनी जातं. म्हणून पंपाशेजारची विहीर स्वच्छ आणि चार शेतं पलीकडची बाधित, असंही होऊ शकतं. अमेरिकेतल्या वाळूच्या थरांसाठी काढलेले नकाशे इथे जसेच्या तसे लावले तर फसगत होते.

यात पाणीपातळीचा चढउतार आहेच. मे महिन्यात तळाला गेलेली विहीर ऑक्टोबरात काठाशी येते. तरंगणारं पेट्रोल पाण्याबरोबर खाली जातं, वर येतं, आणि मधल्या खडकाला ठिगळासारखं चिकटून राहतं. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं की हे चिकटलेलं पुन्हा थोडं थोडं विरघळतं. गळती बंद होऊन वर्षं झाली तरी दर दिवाळीला पाण्यात बेंझिन दिसू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. पेट्रोलची तपासणीही निदान मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा हवी. एका नमुन्यावर ‘पाणी चांगलं’ असा शिक्का मारणं म्हणजे एका दिवसाच्या तापमानावरून उन्हाळा ठरवणं.

गळती म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा अपघात येतो. तसेही होतात. २०२१ च्या सुरुवातीला फलटण तालुक्यातल्या सासवडच्या शिवारात चोरांनी मुंबई-सोलापूर इंधनवाहिनीला भोक पाडलं. पेट्रोल शेतात मुरलं आणि विहिरीत उतरलं. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये वाहिनीतून झिरपलेलं इंधन लोकांच्या बोअरमध्ये निघालं. पण धसका घ्यायचा तो ठिबकणाऱ्या गळतीचा. सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला पंधराशे लिटर. पंपावर रोज डिप घेतात, पट्टी बुडवून टाकीतला माल मोजतात. पण वीस हजार लिटरच्या टाकीत चार लिटरची तूट पट्टीवर दिसत नाही, ती ‘उडालं असेल’ या खात्यात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नवे पंप शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून ५० मीटर दूर ठेवायला सांगितलं आहे. विहिरीतल्या झऱ्याला मात्र ५० मीटर म्हणजे काहीच नाही.

आता प्रत्यक्ष नमुना. लोक काय करतात? पाण्याची बाटली विसळतात, नळाखाली धरतात, झाकण लावतात आणि एसटीनं पाठवून देतात. क्षारांच्या तपासणीला हे एक वेळ चालेल. इथे नाही, कारण आपल्याला पकडायचंय ते उडणारं आहे. बाटलीत अंगठ्याएवढी हवा राहिली, तरी बेंझिन पाण्यातून त्या हवेत जाऊन बसतं आणि झाकण उघडताच निघून जातं. म्हणून यासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाची. ती हळुवार, धार न फुटू देता काठोकाठ भरायची, इतकी की पाण्याचा घुमट वर यावा. झाकण लावून कुपी उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला, तर नमुना बाद.

कुपीत आधीच आम्लाचे थेंब असतात, जिवाणूंनी वाटेत पुरावा खाऊ नये म्हणून. इथे एक गंमत आहे. आम्ल असलेला नमुना प्रयोगशाळेत जास्त तापवला, तर खुद्द एमटीबीईच मोडतं आणि त्याचं दुसरं रसायन होतं. म्हणजे पुरावा जपणारा पहारेकरीच पुरावा खातो. तेव्हा एमटीबीई शोधायचं असेल, तर प्रयोगशाळेला तसं आधी सांगावं. मग कुपी बर्फात, सुमारे चार अंशांवर, आणि तपासणी चौदा दिवसांच्या आत. पालमहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बर्फाचा डबा पाठवणं अवघड नाही. मात्र तो डबा डिकीत जनरेटरच्या शेजारी ठेवला, किंवा नमुना घ्यायला जाताना वाटेत स्वतःच गाडीत पेट्रोल भरून त्याच हातांनी कुपी उघडली, तर प्रयोगशाळेला पेट्रोल सापडणारच! म्हणून सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी नेतात आणि तशीच परत आणतात. तिच्यात काही निघालं, तर दोष विहिरीचा नाही, प्रवासाचा.

बोअरचं पाणी घेताना आणखी एक अडचण. पाइपात साचून राहिलेलं पाणी खऱ्या भूजलाचा नमुना नसतो. ते साधारण तीनदा उपसून टाकावं लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं. दोनशे फूट पाणी असेल, तर १,३०० लिटर, तिप्पट म्हणजे जवळजवळ चार हजार लिटर. मे महिन्यात पालम तालुक्यात कुणाला सांगून बघा, तपासणीसाठी चार हजार लिटर सोडून द्या म्हणून. यावर उपाय सोपा आहे: पिकाला पाणी चालू असतानाच जायचं. मोटार तासभर चाललेली असते, पाणी वाया जात नाही, शेतकरीही कुरकुरत नाही.

प्रयोगशाळेतलं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, नावानं घाबरवतं. काम मात्र खळ्यावरच्या उफणणीचं करतं. पाण्यातून हेलियम वायूचे बुडबुडे सोडतात. जे हलकं, उडणारं, ते वायूबरोबर वर येतं आणि एका सापळ्यात अडकतं. सापळा तापवला की ते सुटतं आणि केसासारख्या बारीक, पण कित्येक मीटर लांब नळीत शिरतं. नळीच्या आतल्या लेपाला कुणी जास्त चिकटतं, कुणी कमी. त्यामुळे एकत्र शिरलेले पदार्थ दुसऱ्या टोकाला एकामागून एक, आपापल्या वेळेला बाहेर पडतात. तिथे त्यांचे रेणू फोडून तुकड्यांची वजनं मोजतात. एमटीबीईची खूण ७३, बेंझिनची ७८. वेळ आणि वजन दोन्ही जुळलं, तरच नाव लागतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्याही खाली हे यंत्र बघू शकतं.

अहवाल हातात आला की पहिलं बघायचं, तपासलं काय? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एमटीबीईचं नाव नाही. खनिज तेलाची मर्यादा आहे, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, बेंझिनच्या जागतिक मर्यादेच्या पन्नास पट. ‘खनिज तेल मर्यादेत’ हे वाक्य वाचून निश्चिंत होऊ नका. प्रयोगशाळेला लेखी मागावं: बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन आणि एमटीबीई. इथेनॉल मागून फारसा उपयोग नाही. नमुना घेईपर्यंत ते जमिनीतच बहुधा संपलेलं असतं.

ही तपासणी महाग आहे, दर विहिरीची दर वर्षी करणं कुठल्याच ग्रामपंचायतीला झेपणार नाही. मग कुठली विहीर आधी? इथे गावातलाच एक डबा कामी येऊ शकतो, असं मला वाटतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं आहे, त्यांच्याकडे तपासणी संच आहेत. त्यांत पेट्रोल दिसत नाही. पण नायट्रेट दिसतं, लोह दिसतं. आणि इथेनॉल खाणारे जिवाणू ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर येतात, ते संपलं की खडकातलं लोह सोडवतात. आपल्या शिवारातल्या विहिरींत खतामुळे, शेणामुळे थोडंफार नायट्रेट असतंच. पंपाजवळच्या किंवा गॅरेजजवळच्या चार विहिरींपैकी तिघींत नायट्रेट आहे आणि एकीत अचानक नाहीसं झालं, वर लोह चढलं, तर एरवी आपण खूश होऊ: पाणी सुधारलं! ते सुधारलेलं नसण्याची शक्यता आहे. सांडपाणी मुरलं तरी असंच दिसतं, म्हणून यावरून निकाल देता येत नाही. पण महागडी कुपी कुठे भरायची, हे मात्र ठरवता येतं. नायट्रेट कमी झाल्याची नोंद आज कुणी संशयानं बघत नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत खटकतं.

विहिरीला पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल, तर मात्र तपासणी नंतर. आधी मोटारीचं स्टार्टर दाबू नका, बिडी-काडी जवळ आणू नका आणि कुणालाही खाली उतरू देऊ नका. वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साचते. पाणी उकळून ते पिण्यालायक होत नाही, उलट वाफ घरात पसरते. पिणं-स्वयंपाक थांबवा, तहसीलला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, आणि तारीख असलेली पोच घ्या.

आणि वास नसलेल्या, पण पंपाच्या उताराकडच्या पहिल्या विहिरीचा नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात नक्की घ्या. कुपी काठोकाठ भरा. बुडबुडा राहू देऊ नका.